गार असताना एका किकला, गरम झाली की ठप्प : बीएसए एम-२० चं जुनं दुखणं

बीएसए एम-२० ही जुनी ब्रिटिश मोटारसायकल गरम झाली की बंद पडते, त्याबद्दल हे. आधी लक्षणं, कारण अर्ध्या लोकांचा आजार हा नाहीच.

सकाळी टिकलर (कार्बोरेटरमध्ये जास्तीचं पेट्रोल सोडणारं बटण) दाबला, चोक ओढला, इग्निशनची (ठिणगीची वेळ मागे-पुढे करणारी) दांडी थोडी मागे घेतली की पहिल्या-दुसऱ्या किकला गाडी चालू होते. पंधरा-वीस किलोमीटर छान पळते. मग चढावर एखादी फायरिंग चुकते, दोन-चार मिनिटांत मिसिंग वाढतं, सायलेन्सरमधून एखादा बार निघतो आणि गाडी बंद पडते. किंवा पळताना काहीच होत नाही. तुम्ही पेट्रोल भरायला थांबता, पाच मिनिटांनी किक मारता आणि ती मारतच राहता. शर्ट ओला, पिंडरी सुजलेली, गाडी ढिम्म. अर्धा-पाऊण तास सावलीत उभी केली की पुन्हा एका किकला चालू. हे चक्र दरवेळी तसंच्या तसं होत असेल तर पुढे वाचा.

गाडी गारच सुरू होत नसेल, किंवा गरम-गार न पाहता केव्हाही बंद पडत असेल, तर तो वेगळा विषय. बंद पडताना इंजिनमधून ठणठण आवाज आला असेल, किंवा किक दाबलीच जात नसेल, तर एकही किक मारू नका. टेम्पो बोलवा.

मी हा बिघाड स्वतःच्या १९४२ च्या एम-२० वर तीनदा आणि मित्रांच्या गाड्यांवर सहा वेळा काढला आहे. पहिल्यांदा मला तब्बल आठ महिने लागले. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर, मे महिन्यात, दर वेळी जवळपास त्याच वळणावर ती बसायची. मिस्त्रीच्या दारात नेली की एका किकला चालू. दवाखान्याची पायरी चढताच पोराचा ताप उतरावा, तसं. मिस्त्री माझ्याकडे बघायचा आणि मी गाडीकडे. त्या आठ महिन्यांत कार्बोरेटर अकरा वेळा उघडला. त्यात काहीही नव्हतं.

त्यातून जे शिकलो ते एवढंच: गाडी गार व्हायच्या आत तपासा. गार झाली की पुरावा गेला. घरी येऊन, हात धुऊन, चहा घेऊन गॅरेजमध्ये तपासणी करायला बसलात तर सगळं ठीकच दिसणार. म्हणून खाली दिलेल्या पहिल्या काही तपासण्या रस्त्याच्या कडेलाच करायच्या आहेत. डिकीच्या पिशवीत एक नवा प्लग, प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पट्ट्या), स्वच्छ फडकं, लहान स्क्रूड्रायव्हर आणि मॅग्नेटोच्या मापाचे पाने ठेवा. मॅग्नेटो म्हणजे इंजिनबरोबर फिरून ठिणगीचा करंट स्वतःच तयार करणारं यंत्र. पाने व्हिटवर्थचेच, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचेच, हवेत. मेट्रिक पाना ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला की नटाचे कोपरे गेले. ते नट आता सहज मिळत नाहीत.

गाडीबद्दल दोन शब्द, कारण त्यावर पुढचं अवलंबून आहे. बर्मिंगहॅमच्या स्मॉल हीथ कारखान्यात बनलेली, ४९६ सीसीची, साइड-व्हॉल्व्ह, एका सिलिंडरची ही गाडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी अशा सव्वा लाखाहून जास्त बनल्या. आपल्याकडच्या बऱ्याच त्या लष्कराच्या डिस्पोझलमधून आलेल्या. बुलेटवर हात बसलेला मिस्त्री इथे चुकतो त्याचं कारण साधं आहे. बुलेटचा करंट बॅटरी आणि कॉइलवर चालतो, हिचा मॅग्नेटोवर. बॅटरी काढून घरी ठेवली तरी एम-२० पळते. तेव्हा या आजारात कुणी नवी बॅटरी घ्यायला सांगितली तर नम्रपणे नाही म्हणा.

फुकटच्या तपासण्या

सगळ्यात आधी स्वतःची किक मारायची पद्धत तपासा. गरम इंजिनला टिकलर नको, चोक नको. सकाळच्या सवयीने कार्बोरेटर वाहेपर्यंत टिकलर दाबला की गरम सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त होतं आणि प्लग भिजतो. तसं झालं असेल तर पेट्रोल कॉक बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, व्हॉल्व्ह लिफ्टर (एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरणारा लिव्हर) ओढून सात-आठ किका मारा, मग नेहमीसारखी किक मारा. माझ्याकडे आलेल्या दोन गाड्यांचा आजार इथेच संपला. मालक मात्र नाराज झाले; त्यांना काहीतरी मोठं हवं होतं.

मग टाकीचं झाकण. त्यातलं हवेचं भोक रंगाने किंवा गंजाने बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. थोडं पेट्रोल वापरलं गेल्यावर, म्हणजे नेमकं वीसेक किलोमीटरनंतर, हे जाणवतं आणि आपल्याला वाटतं गाडी गरम झाली. बंद पडताक्षणी झाकण उघडा. ‘स्स’ असा आवाज आला आणि लगेच गाडी चालू झाली, तर सुई घ्या, भोक मोकळं करा आणि घरी जा.

पुढे कार्बोरेटरकडची पेट्रोलची नळी काढून कॉक उघडा. धार सलग यायला हवी, थेंब-थेंब नाही. हे करताना सायलेन्सरवर पेट्रोल सांडू देऊ नका आणि बाटली हातात धरा. नवं रंगकाम केलेल्या टाकीतून सुटलेला गंज जाळीवर बसलेला मी अनेकदा पाहिला आहे. आणखी एक हल्लीचं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. कॉकच्या बुचाला (कॉर्कला) आणि कार्बोरेटरमधल्या जुन्या, बुचाच्या फ्लोटला (पेट्रोलवर तरंगून पातळी राखणाऱ्या भागाला) लाखेचा लेप असेल तर इथेनॉल तो विरघळवतं. मग फ्लोट पेट्रोल पितो, जड होतो आणि कार्बोरेटर वाहतो. त्यावर उपाय म्हणजे धातूचा किंवा इथेनॉलला टिकणारा नवा फ्लोट.

व्हॉल्व्ह लिफ्टरची केबल कुणी पाहत नाही. डाव्या हाताशी असलेल्या त्या लहान लिव्हरला गाडी गार असताना थोडी ढील हवीच. केबल ताणलेली असेल तर इंजिन तापल्यावर, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लांबल्यावर, तो पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. ओळखायचं कसं? गरम गाडीची किक हाताने हळू दाबा. सकाळी जो जोर लागत होता तो आता लागत नसेल, किक लोण्यात सुरी जावी तशी खाली जात असेल, तर करंटच्या मागे लागू नका. आधी केबल ढिली करा. तरी फरक नाही पडला तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची फट. गार इंजिनवर इनलेट १० थाउ (इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्ट १२ थाउ, म्हणजे साधारण ०.२५ आणि ०.३० मिलिमीटर. ‘आवाज येतो’ म्हणून टॅपेट घट्ट करून देणारे मिस्त्री भरपूर आहेत. साइड-व्हॉल्व्ह इंजिनचे टॅपेट थोडे वाजणारच. घट्ट केले तर आधी कॉम्प्रेशन जातं आणि नंतर व्हॉल्व्ह जळतो.

किकला जोर आहे, पेट्रोल येतंय, तरी चालू होत नाही? मग करंट.

प्लग, आणि तो खोटं कसा बोलतो

गरम गाडीचा प्लग काढा, नवा लावा. तेवढ्याने चालू झाली तर बरंच, पण खूश होऊ नका. पुढच्या रविवारी पुन्हा पाहा. नवा प्लग डब्यातून काढून तसाच लावण्यात एक फसगत आहे. आजच्या प्लगचा गॅप बहुधा ०.७ किंवा ०.८ मिलिमीटर असतो. तो कॉइलच्या गाड्यांसाठी. मॅग्नेटोला किकच्या मंद वेगात तेवढा करंट फेकता येत नाही. गॅप १८ ते २० थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर, करून घ्या. रेझिस्टर असलेला प्लग आणि रेझिस्टर असलेली कॅप दोन्ही टाळा. साधी तांब्याच्या तारेची वायर लावा.

बाहेर काढलेला प्लग सिलिंडरच्या पंखांना टेकवून किक मारली आणि ठिणगी दिसली म्हणजे मॅग्नेटो चांगला, असं समजू नका. उघड्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. आत दाबलेल्या मिश्रणात तोच गॅप ओलांडायला बराच जास्त जोर लागतो. माझी कसोटी अशी. वायरचं टोक इंजिनच्या उघड्या धातूपासून पाच मिलिमीटरवर धरायचं, लाकडी चिमट्याने, आणि दुसऱ्याला किक मारायला सांगायची. गार असताना निळी ठिणगी ‘टक’ करून उडी मारते. बंद पडलेल्या गरम गाडीवर ती उडी मारेनाशी झाली, किंवा बारीक पिवळट झाली, तर तुम्ही योग्य दारात आलात. आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नसावं हे सांगायला नकोच. वायर हवेत मोकळी लोंबत ठेवून मात्र कधीही किक मारू नका. बाहेर वाट मिळाली नाही की तो करंट आर्मेचरच्या (मॅग्नेटोत फिरणाऱ्या तारांच्या गुंडाळीच्या) आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढतो, आणि एक चांगला मॅग्नेटो तुमच्या हाताने जातो.

मॅग्नेटो, बाहेरून जेवढा उघडता येतो तेवढा

हा भाग घरी, निवांत. लुकासचा मॅगडायनो (मॅग्नेटो आणि डायनॅमो एकत्र) सिलिंडरच्या मागे बसतो, म्हणजे चुलीला पाठ लावून. गाडी पळत असते तोवर वारा लागतो. थांबलात की सिलिंडरची सगळी धग त्याच्याकडे जाते. पाच मिनिटं थांबून किक मारली की चालू होत नाही, याचं कोडं इथे सुटतं.

प्रथम प्लगच्या वायरचा पिकअप (मॅग्नेटोला वायर जोडणारा भाग) काढा. आतला कार्बन ब्रश स्प्रिंगवर मोकळा हलतो का, तुटला आहे का ते पाहा. पेन्सिलीला मऊ फडकं गुंडाळा, पेट्रोलचा एक थेंब लावा आणि पिकअपच्या भोकातून स्लिप रिंगवर (ब्रश जिच्यावर घासतो त्या फिरत्या कडीवर) धरून दुसऱ्याला किक हळूहळू फिरवायला सांगा. प्लग काढून ठेवा म्हणजे इंजिन सहज फिरेल. फडकं काळं निघतं. ती ब्रशची भुकटी असते आणि तिच्यातून करंट गळतो, विशेषतः पावसाळ्यात. पेट्रोल पूर्ण उडेपर्यंत थांबा, मगच जोडा.

आता पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क. झाकण काढलं की समोरच दिसतात. गॅप १२ थाउ, म्हणजे ०.३० मिलिमीटर, पॉइंट पूर्ण उघडे असताना. चेहरे काळे-निळे असतील तर बारीक पॉलिश पेपर दुहेरी घडी करून एक-दोनदा ओढा आणि नंतर कोरा कागद ओढा, कण राहू नयेत म्हणून. एम-२० च्या ब्रेकरमध्ये (पॉइंट बसवलेल्या भागात) एक बारीकशी खुंटी असते, जुन्या गाड्यांत फायबरची. कॅमने तिला ढकललं की ती पॉइंट उघडते. माझ्या मते संपूर्ण गाडीत इतकी लहान आणि इतकी खोडकर वस्तू दुसरी नाही. जुलैच्या दमट हवेत ती फुगते, भोकात अडकते, आणि पॉइंट उघडलेलेच राहतात. मग गरम नाही, गार नाही, गाडीच नाही. खुंटी बाहेर काढून बोटांत फिरवा. एका बाजूला चकाकी आली असेल तर ती तिथेच घासते. अगदी बारीक पेपरवर दोन वळसे, शिवणयंत्राच्या तेलाचा नखाएवढा थेंब, आणि परत बसवा. ती स्वतःच्या वजनाने आत-बाहेर सरकली पाहिजे. जास्त घासलीत तर लांबी कमी होऊन गॅप बदलतो, म्हणून घाई नको.

हे सगळं झालं आणि तरी गाडी गरम झाल्यावर बसते? मग माझ्या नऊपैकी सहा वेळा जे निघालं तेच बहुधा आहे: कंडेन्सर.

कंडेन्सर का, आणि कसं ओळखायचं

पॉइंट उघडतात तेव्हा करंटला तिथेच उडी मारायची असते. कंडेन्सर ती उडी गिळतो, म्हणून आतला चुंबकीय जोर झटक्यात कोसळतो आणि प्लगला जोरदार ठिणगी मिळते. लुकासचा मूळ कंडेन्सर धातूच्या पातळ पत्र्याचे आणि मेणात भिजवलेल्या कागदाचे थर एकावर एक रचून केलेला. ऐंशी वर्षांत त्या कागदात ओल शिरते. गार असताना तो कसाबसा टिकतो. तापला की गळायला लागतो. आणि खरी अडचण म्हणजे तो बाहेर कुठे स्क्रूने बसवलेला नाही. तो फिरणाऱ्या आर्मेचरच्या पोटात आहे.

ओळखण्यासाठी संध्याकाळी, उजेड कमी असताना, गाडी फिरवून तापवून आणा. ती बसली की पॉइंटचं झाकण काढा आणि दुसऱ्याला किक मारायला लावा. पॉइंटमध्ये क्वचित एखादा निळा ठिपका दिसणं ठीक आहे. प्रत्येक वेळी पांढरट-पिवळी, तडतडणारी ठिणगी पॉइंटमध्येच दिसत असेल आणि प्लगकडे मेलेली असेल, तर निदान झालं. रस्त्यावर जमलं नाही तर घरी गार मॅग्नेटोवर हेअर ड्रायर धरा. हात ठेवता येणार नाही इतका तापला की पुन्हा तीच पाच मिलिमीटरची कसोटी. माझ्या घरचा ड्रायर आता गॅरेजचाच झाला आहे. त्यावर अधिक बोलत नाही.

मल्टिमीटर इथे फारसा कामाचा नाही. त्याचा नऊ व्होल्टचा सेल त्या कंडेन्सरला घामही फोडत नाही. प्राथमिक वाइंडिंग एक ओहमच्या आत आणि दुय्यम काही हजार ओहम दाखवत असेल तर तारा तुटलेल्या नाहीत, इतकंच कळतं. तापल्यावर गळतात का, ते कळत नाही.

इथे थांबा

आर्मेचर स्वतः काढू नका. हे मी भीतीने नाही, नुकसान भरून सांगतोय. मॅग्नेटोच्या अंगावर एक सेफ्टी स्क्रू असतो, त्याचं टोक आत स्लिप रिंगपर्यंत जातं. तो आणि अर्थ ब्रश न काढता आर्मेचर ओढलं की स्लिप रिंगची कड तुटते. मी तोडली आहे. नालेच्या आकाराच्या चुंबकाच्या जुन्या मॅग्नेटोत आर्मेचर बाहेर काढताना दोन्ही ध्रुवांवर लोखंडी पट्टी ठेवली नाही तर चुंबकाचा जोर उतरतो आणि तो पुन्हा भरून घ्यावा लागतो. मूळची लाख तापून वितळली असेल तर आर्मेचर आतच चिकटलेलं असतं. तेव्हा जोर लावणं म्हणजे वाइंडिंग फाडणं.

आणि ते काम मोटर वाइंडिंगच्या दुकानात देऊ नका. मी दिलं होतं. माणूस सज्जन, पंख्याचे आणि पंपाचे वाइंडिंग उत्तम करणारा. त्याने वरून वॉर्निश ओतून दिलं आणि आठ दिवस गाडी घोड्यासारखी पळाली. नवव्या दिवशी खंबाटकी. दुय्यम वाइंडिंगमध्ये केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात, ते यंत्रावर भरून व्हॅक्यूमखाली इन्सुलेशन मुरवावं लागतं. मॅग्नेटोच दुरुस्त करणारे कारागीर भारतात मोजके आहेत, ब्रिटनमध्ये अधिक. देताना एवढंच विचारा: नवा कंडेन्सर कोणत्या प्रकारचा घालणार, आणि आर्मेचर तापवून तपासून देणार का? ‘तापवून’ हा शब्द ऐकून माणूस गोंधळला तर मॅग्नेटो परत घ्या.

पॉइंटच्या मागे बसणारा आधुनिक सिरॅमिक कंडेन्सर मिळतो आणि तो चांगलाही आहे. पण जुना आत गळतच असेल तर तो आधी वेगळा करावा लागतो, म्हणजे पुन्हा आर्मेचर. नुसता समांतर लावून गळती थांबत नाही.

कार्बोरेटर मी मुद्दाम शेवटी ठेवला. चोक अर्धा ओढल्यावर गरम गाडी सुधारत असेल तरच त्याला हात लावा. मिश्रण पातळ आहे असा त्याचा अर्थ. सिलिंडरकडच्या फ्लँजवर तेलाचे दोन थेंब टाका. चालू इंजिनने ते आत ओढले तर पॅकिंग बदला. इथेनॉलच्या पेट्रोलवर सुई एक खाच वर घेणं माझ्या गाडीला मानवलं. इग्निशनची दांडी मागेच राहिली तरी इंजिन विनाकारण तापतं, तेही पाहा.

मॅग्नेटो परत आला की टायमिंग लावून घ्या आणि मोकळ्या रस्त्यावर खरी परीक्षा घ्या. मी खंबाटकी चढतो, वर गाडी बंद करतो, टपरीवर एक चहा सावकाश पितो. दहा मिनिटं. मग टिकलरला हात न लावता किक. मागच्या महिन्यात एका मित्राची गाडी पहिल्या किकला चालू झाली आणि दुसऱ्या वळणावर बंद पडली. त्याचा पेट्रोल कॉक उघडायचाच राहिला होता.